धूर कुठून जातो

३ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि वहिनींना मधे घालून इंजिनाचं बोलणं जमायचं नाही, म्हणून पत्र.

गिरणी बंद झाल्याचं तुला माहीत आहे. मी गवत कापायचं मशीन घेतलं आहे. जुनं, पेट्रोलवरचं. लांब दांडा, टोकाला नायलॉनची तार गरगर फिरते. इस्पितळाच्या आवाराला गवत कापणारं माणूस हवं आहे. चोवीस तारखेला व्यवस्थापकांसमोर एक तुकडा कापून दाखवायचा. काम मिळालं तर माझी खोली टिकते. नाही तर महिनाअखेर ती सोडून तुमच्याकडे यायचं, असं आपलं ठरलं आहे. मी ते विसरलेले नाही.

मशीन सुरू होत नाही. विकणाऱ्या माळ्याने अंगणात चालवून दाखवलं होतं. ते तेव्हा आधीच तापलेलं होतं, हे मला घरी आल्यावर सुचलं. दोरी ओढून खांदा भरून आला. एकदा खोकतं आणि गप्प होतं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने न उघडताच भंगारात घालायला सांगितलं. तो तुझ्याहून हुशार नसावा, म्हणून तुला विचारते.

ओरडायचं असेल तर ओरड, पण उत्तर धाड.

तुझी,
धाकटी


७ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. तुझं पत्र आधी वहिनीने वाचलं, मग मला मिळालं. या घरात तसंच चालतं.

बावन्नाव्या वर्षी इंजिन खांद्याला अडकवून फिरायचं हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं? मागची खोली झाडून ठेवली आहे. खिडकीला नवी कडी लावली आहे. हे माझं मत. आता मत बाजूला.

टाकीतलं पेट्रोल काढून टाक, ते किती जुनं असेल कोण जाणे. नवं भर, त्यात ऑइल मिसळून. नुसतं पेट्रोल घातलंस तर इंजिन जाम होईल, मग माझ्याकडे रडायचं नाही. प्लग काढून बघ. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर ठिणगी तपास: प्लग वायरच्या टोपीत घालून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकव आणि दोरी ओढ. निळी ठिणगी दिसली पाहिजे. पेट्रोलचा डबा तेव्हा घराबाहेर. हे सगळं ठीक असेल तर कार्बोरेटर उघड आणि बारीक भोकं साफ कर. दोष तिथेच आहे. लिहून देतो.

हट्टी आहेस, तरी आमचीच आहेस.

दादा


११ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. पेट्रोल बदललं. प्लग ओला आहे. ठिणगी निळी आहे. कार्बोरेटर तीनदा उघडला, तीनदा लावला. पांढऱ्या कापडावर एकेक भाग ओळीने मांडते, गिरणीत बॉबिनं मांडायचो तसे. एकही हरवला नाही. एकदा खोकतं आणि गप्प होतं.

खालचा शिंपी म्हणाला की दोरी ओढण्याचा आवाज ऐकून त्याला आता वेळ कळते. तेरा दिवस उरले. मागची खोली झाडलीच असेल तर तिथे बटाटे साठवा.

मी थांबणार नाही. तूही थांबू नकोस.

धाकटी


१५ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. कार्बोरेटरवर आणखी दोन पानं लिहिली होती. वहिनीने ती वाचली आणि विचारलं, धूर कुठून जातो. मी म्हटलं, जातो की बाहेर. तिने विचारलं, कशावरून. मी ती पानं फाडली.

माझी तीस वर्षं बोटीच्या इंजिनांवर गेली. तिथे धूर उघड्या नळीतून सरळ बाहेर पडतो. तुझ्या मशीनच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी असते, ठिणगी वाळक्या गवतावर पडू नये म्हणून. ऑइलच्या काजळीने ती बुजते. जुना धूर निघत नाही, म्हणून नवी हवा शिरत नाही. मला हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. लिहून दिलेलं मागे घेतो.

सायलेन्सरचं झाकण काढ. जाळी चिमट्यात धरून गॅसवर लाल कर, निवू दे, मग तारेच्या ब्रशने घास.

तुझा, जरा ओशाळलेला,
दादा

वन्सं, ही जागा उरली म्हणून लिहिते. ह्यांनी खोली झाडली ती तुम्ही यावं म्हणून, हरावं म्हणून नव्हे. पण त्यांना ते नीट लिहिता येत नाही. याल तेव्हा पाहुण्या म्हणून या. — वहिनी


२५ सप्टेंबर

ती. दादास आणि वहिनींस,

सा. न. वि. वि. जाळी शर्टाच्या बटणाएवढी निघाली आणि डांबरासारखी काळी. तिच्यातून उजेडसुद्धा दिसत नव्हता. तापवली, घासली, बसवली. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं आणि खोलीभर धूर झाला. शिंपी पाण्याची बादली घेऊन वर आला. मी त्याच्या तोंडावर हसले, ते बरं केलं नाही.

काल इस्पितळात आणखी तिघे होते. तिघांची मशीनं नवी. व्यवस्थापकांनी मला विचारलं, तुमचा माणूस कधी येणार. मी म्हटलं, आलीय. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणून मी दोरी ओढली.

त्या तुकड्यात नवी लावलेली रोपं होती. तिघांनी भराभर कापलं आणि तारेने दोन रोपांची साल सोलली. मी प्रत्येक रोपाभोवती वीतभर गवत सोडलं, मशीन बंद केलं आणि तेवढं हाताने उपटलं. सगळ्यांत शेवटी माझं संपलं. व्यवस्थापक वाकून रोपं बघत गेले. काम मला मिळालं, एक वर्षाचं. घरमालकिणीला सांगून आले.

आज पहिला दिवस होता. चार तास कापलं. अक्षर असं वाकडंतिकडं आलं आहे ते बघून वहिनी काळजी करतील. मी रडलेली नाही. मशीन खाली ठेवलं तरी हात अजून थरथरत आहेत, पेन दोन्ही हातांनी धरलं आहे. दादा, बोटीच्या इंजिनांवर लागलास तेव्हा तुझे हात किती दिवसांनी थांबले होते, तेवढं कळव.

तुमची,
धाकटी