होकाराची तालीम राहून गेली

वेस्ट फोर्क, नेब्रास्का
बुधवार, दुपार

आदरणीय ओबदुलियामावशीस,

तुझ्या तेयोचा साष्टांग नमस्कार. नेहमीप्रमाणे आधी आशीर्वाद दे, मग रागाव. (क्रम बदलू नकोस, कारण हे पत्र वाचून झाल्यावर आशीर्वाद देण्याची तुझी इच्छा राहील याची मला खात्री नाही.) तुझा गुडघा कसा आहे? कॅन्ससमध्ये इथल्यासारखीच थंडी पडली असेल तर तो तुला झोपू देत नसेल. काकांचा खोकला, तुझ्या कोंबड्या आणि जिच्याशी तू दहा वर्षं बोलत नाहीस ती शेजारीण, सगळ्यांची प्रकृती उत्तम असो. इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे आई मजेत आहे. मी सोमवार संध्याकाळपासून एकदाच घराबाहेर पडलोय. काल दूध आणायला गेलो होतो, पण दुकानाच्या काचेतून आत रांगेत आमच्या पालक संघटनेतल्या तीन आया दिसल्या आणि मी दुधाशिवाय परत आलो. आईला सांगितलं की दूध संपलंय. आता आई सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय की गावात दूध मिळत नाही.

मावशी, मी तुझं नाव घालवलं. हे वाक्य शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण तोपर्यंत धीर टिकेल असं वाटत नाही. कॉलेज अर्ध्यात सोडून मी ऑक्टोबरात परत आलो, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की प्राध्यापकाशी तत्त्वावरून भांडण झालं. ते खोटं नाही, भांडण झालंच. पण त्या तत्त्वाचं नाव अनाई आहे हे मी फक्त तुलाच सांगितलं होतं. (अनाई म्हणजे दवाखान्यात दुभाषी आहे ती. कपाळावर केसांची एक बट येते, ती हातानं न सारता फुंकरीनं उडवते. मागच्या पत्रात या फुंकरीवर अडीच पानं आहेत, ती तू कृपा करून जाळून टाक.) ती संध्याकाळी एर्मेलिंडाबाईंच्या पालक संघटनेत मदत करते म्हणून मलाही तिथंच काम हवं होतं. आणि तू, कारखान्यात अकरा वर्षं बाईंच्या शेजारी उभं राहून मांस कापलं होतंस त्या ओळखीवर, शब्द टाकलास. बाई म्हणाल्या, ‘‘ओबदुलियाचा भाचा आहे, म्हणजे डोकं गरम असणार. बघू, थंड होतं का.’’ झालं नाही, मावशी.

आता मुद्दा सांगतो, कारण माझी लाज पूर्ण समजायला तो समजणं भाग आहे. कारखान्याची पहिली शिफ्ट साडेसहाला सुरू होते. आईबाप मुलांना सहा-सव्वासहाला शाळेच्या पायऱ्यांवर सोडतात, आणि शाळेचं दार उघडतं पावणेआठला. ज्यांना आजी किंवा शेजारीण आहे ती पोरं वाचतात. उरलेली तीसेक पोरं दीड तास बंद दाराबाहेर उभी राहतात, आणि या जानेवारीत पारा शून्याखाली पंधरावर आहे. मागणी एवढीच की जेवणाच्या हॉलचं दार सहाला उघडा, पोरं आत बसतील. ही मागणी कुणा हुशार माणसानं शोधलेली नाही. बाईंची पद्धत अशी की लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं, एक प्रश्न विचारायचा आणि मग तोंड बंद ठेवायचं. शेगडीवर काही शिजत असतं, त्या घरची बाई बोलू लागते, आपण ऐकायचं. मी तीन महिन्यांत साठ स्वयंपाकघरांत गेलो आणि साठही ठिकाणी त्या बायकांना त्यांचाच त्रास मीच समजावून सांगितला. रोसारियो म्हणून एक आहे, चार पोरांची आई. ती अर्धा तास माझं ऐकून शेवटी म्हणाली, ‘‘पोरा, दमला असशील. जरा पाणी पी, तेवढ्यात मी बोलून घेते.’’ अनाई तिथंच मक्याची भाकरी उलटत होती. तिनं फुंकर मारली. मला वाटलं, बट उडवतेय. आता कळतं, हसू दाबत होती.

ठरलं असं की सोमवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सभा घ्यायची आणि शाळांचे मोठे अधिकारी व्होबोरिल साहेब यांना बोलवायचं. रोसारियोनं उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, दार सहाला उघडाल का, हो की नाही. उत्तर मोठ्या कागदावर लिहायचं. आणि बाईंचा एक नियम, जो त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता: जे काम आईबाप स्वतः करू शकतात ते आपण त्यांच्यासाठी करायचं नाही, आणि संघटनेच्या माणसानं माइकला हात लावायचा नाही. या सभेची आम्ही तीन आठवडे तालीम केली. तालमीत कुणीतरी साहेब व्हावं लागतं, तो मी झालो. मावशी, माझ्यातला नट तू पाहायला हवा होतास. पोटावर उशी, गळ्यात वडिलांचा टाय, तोंडात पेन्सिल. रोसारियोनं विचारलं की मी कधी नियमांचं कारण पुढे करायचो, कधी समिती नेमायचो, कधी घड्याळ बघायचो, एकदा तर खुर्चीत खोटा घोरलोसुद्धा. आया चवताळून उठायच्या. एकीनं मला चप्पल फेकून मारली आणि मग धावत येऊन लागलं का म्हणून विचारलं. प्रत्येक नकाराला काय उत्तर द्यायचं हे त्यांना इतकं पाठ झालं होतं की झोपेतही सांगतील. अनाई म्हणाली, ‘‘तेयो, एकदा ‘हो’ म्हणून बघ ना, तेव्हा काय करायचं तेही कळेल.’’ मी (पेन्सिल तोंडातून काढून) म्हणालो, ‘‘असली माणसं हो म्हणत नसतात.’’

सोमवारी हॉल गच्च भरला. गोड पाव, गरम चॉकलेट, मागे पोरांचा धिंगाणा. साहेब आले ते माझ्या साहेबांसारखे अजिबात नव्हते. काटकुळे, कोटावर बर्फ, आणि आल्याबरोबर टोपी कुठे ठेवू म्हणून तिघींना विचारलं. साहेब इंग्रजीत बोलणार, म्हणून सगळ्या आयांनी हेडफोन लावले आणि अनाई कोपऱ्यात छोटा माइक घेऊन बसली. ती बसली ती नेमकी मला समोर दिसेल अशी, आणि इथंच माझा घात झाला. रोसारियो उठली, तिनं घसा खाकरला, प्रश्न विचारला. साहेबांनी काहीतरी लहानसं उत्तर दिलं. मी ते ऐकलंच नाही, मावशी. शपथेवर सांगतो. मी अनाईकडे बघत होतो. तिनं माइकमध्ये काहीतरी पुटपुटलं आणि तिचे डोळे भरून आले. आणि हॉलमध्ये कुणी हललं नाही. टाळी नाही, आवाज नाही. रोसारियो नुसती उभी.

आता मला कळतं की साहेबांनी ‘हो’ म्हटलं होतं. पहिल्याच फटक्यात, कुठलीही समिती न नेमता. आणि आया गप्प होत्या कारण होकारानंतर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. जो शिकवणारा होता तो तीन आठवडे घोरत होता. पण त्या क्षणी मला फक्त अनाईचे डोळे दिसले, आणि वाटलं, नकार आला, आया खचल्या, आणि आता एकच मर्द शिल्लक आहे. मी गेलो आणि रोसारियोच्या हातातून माइक घेतला. घेतला कसला, हिसकावला.

भाषण इंग्रजीत केलं, म्हणजे साहेबांना थेट लागावं. लागलं. मी म्हणालो की तुम्ही उबदार पांघरुणात असता तेव्हा आमची पोरं गोठतात, तुम्हाला काळीज नाही, फायली आहेत. आणि मग (हे लिहिताना माझे कान तापलेत) मी खिशातून एका पोराचा लाल हातमोजा काढून उंच धरला. तो मी खास या क्षणासाठी आधीच उसना घेऊन ठेवला होता. म्हणालो, ‘‘ओळखा! हा कुणाचा हातमोजा आहे?’’ समोर चाळीस आया कानांवर हात धरून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, भारावल्यात. नंतर कळलं की अनाईनं पहिल्या दोन वाक्यांनंतर भाषांतर सोडून दिलं होतं आणि हेडफोनमध्ये नुसतं सांगत होती: तेयो चुकीचं बोलतोय. तेयो अजून बोलतोय. आता तेयो हातमोजा दाखवतोय. देवा, तेयो थांबत नाही.

तेव्हा रोसारियो माझी बाही ओढून म्हणाली, ‘‘पोरा, खाली बस. तो हातमोजा त्यांनीच दिलेला आहे.’’ दर नोव्हेंबरात साहेब स्वतःच्या गाडीतून खोकाभर हातमोजे आणून शाळेत ठेवतात म्हणे. पोरं घेतात, नाव विचारलं जात नाही. हे साठही स्वयंपाकघरांत माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला बोलूच दिलं नव्हतं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी घेतली, ती दोन्ही हातांनी एकदा फिरवली आणि हळू आवाजात म्हणाले की मी हो म्हणायला आलो होतो, पण माझ्याबद्दल असं मत असेल तर हा निर्णय मी एकट्यानं घेणं बरं नाही, फेब्रुवारीत शाळा मंडळापुढे ठेवतो. आणि गेले. फेब्रुवारी, मावशी. म्हणजे आणखी पाच आठवडे ती पोरं त्या पायऱ्यांवर. थंडीमुळे नाही, कारखान्यामुळे नाही, माझ्यामुळे. बाईंनी मला शिवी दिली नाही. त्यांनी फक्त माइक माझ्या हातातून काढून खोक्यात ठेवला, जसा लहान मुलाच्या हातातून चाकू काढतात. अनाई जाताना म्हणाली, ‘‘तुझं इंग्रजी छान आहे. कॉलेज सोडायला नको होतंस.’’ एवढंच. मी हे वाक्य दोन दिवस उलटसुलट करून बघतोय, पण त्यात प्रेम सापडत नाही.

काल मंगळवारी पहाटे (रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता) मी घरातूनच खिडकीतून बघितलं. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेच्या पायऱ्या दिसतात हे तुला आठवत असेल. पोरं एकमेकांना चिकटून उभी होती. मी पडदा ओढला, आणि पडदा ओढल्याची लाज वाटून परत उघडला, मग परत ओढला. आईनं विचारलं, पडद्याचं काय चाललंय.

म्हणून मावशी, मी ठरवलंय की हे गाव सोडायचं. तुझ्याकडे येतो. कोंबड्यांचं बघेन, काकांना औषध देईन, बोलणार तर अजिबात नाही. बाईंना तू काहीतरी कळव. मला त्यांच्यापुढे उभं राहता येत नाही. शनिवारच्या बसचं विचारून ठेवलं आहे. नाही म्हणू नकोस, कारण तू नाही म्हटलंस तर मी कुठे तोंड लपवणार? सगळ्यांना नमस्कार, शेजारणीलाही (तुझ्या वतीनं नाही, माझ्या).

तुझा तोंड काळं झालेला भाचा,
तेओफिलो

ता. क. (शुक्रवार) पत्र टाकायला बाहेर पडायचं धैर्य झालं नाही म्हणून ते अजून इथंच आहे. दरम्यान घडलं ते असं. काल शिफ्ट संपल्यावर रोसारियो आणि आणखी नऊ आया, अंगावरचे कारखान्याचे कपडे न बदलता, थेट साहेबांच्या ऑफिसात गेल्या. बाई सोबत होत्या, पण दाराबाहेर बाकावर बसल्या. आत बायकांनी माझ्याबद्दल चांगलं-वाईट काही काढलं नाही. रोसारियोनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. साहेब पुन्हा ‘हो’ म्हणाले. या वेळी आयांनी टाळ्या वाजवल्या, आणि कधी थांबायचं हे ठरलं नसल्यामुळे इतका वेळ वाजवल्या की शेजारच्या ऑफिसातली माणसं काय झालं म्हणून धावत आली. अनाई सांगत होती. हो, ती घरी आली होती. निरोप द्यायला.

ता. क. दुसरा: निरोप असा. साहेबांची अट आहे की शाळेला माणूस मिळेपर्यंत सहा ते पावणेआठ दोन मोठी माणसं हॉलमध्ये बसली पाहिजेत. आयांनी तिथंच यादी करायला घेतली. हिची शिफ्ट, तिची शिफ्ट, तिच्या नवऱ्याची शिफ्ट. सगळ्या गावात सकाळी सहाला रिकामा असा एकच मोठा माणूस निघाला. मला न विचारता त्यांनी माझं नाव लिहिलं. बाई बाहेरून म्हणाल्या म्हणे, ‘‘मोठा? बरं, लिहा.’’ आणि दुसरं नाव साहेबांनी स्वतः लिहिलं, स्वतःचं. म्हणजे सोमवारपासून रोज पावणेदोन तास, पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर, मी आणि व्होबोरिल साहेब, शेजारी शेजारी. मी अनाईला विचारलं, मी त्यांच्याशी काय बोलू? ती म्हणाली, ‘‘एक प्रश्न विचार आणि मग तोंड बंद ठेव.’’ आणि फुंकर मारली.

ता. क. तिसरा: तेव्हा शनिवारच्या बसचं विसर. कोंबड्या काकाच बघतील. माझी खरी विनंती वेगळी आहे. साहेब वीस मैलांवरून येतात, बर्फ असला की त्यांना साडेसहा होतात, म्हणून त्यांनी दाराची चावी माझ्याकडे पाठवली आहे. ती आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. मी आजवर आठच्या आधी उठलेलो नाही हे तुला ठाऊक आहे, आणि आईनं हाक मारली की मी झोपेतच ‘उठलो’ म्हणतो हेही. सोमवारपासून रोज पाचला मला फोन कर. ‘उठलो’ म्हटलं तर विश्वास ठेवू नकोस. भांड, काकांचा खोकला ऐकव, काहीही कर, पण मी बूट घालेपर्यंत फोन ठेवू नकोस. सहाला तीस पोरं त्या पायऱ्यांवर येणार, आणि आता दार बंद राहिलं तर ते मीच बंद ठेवलेलं असेल.