फक्त माझ्याच घरी उघडणारे दुकान

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,

भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात आपण जिन्याचा उल्लेख टाळलात, त्यावरून तो अजून दुखत असावा असे अनुमान मी काढले. (ते चुकले असल्यास आनंदच आहे, अलीकडे माझी सगळीच चुकतात.) येथे प्रकृती ठीक, शाळा ठीक, फक्त ताई माझ्याशी बोलत नाही. तिची बाजू आपल्या कानावर आली असेलच. ती खरी आहे. मात्र तिच्यात शास्त्रीय पार्श्वभूमी नसणार, म्हणून ती तेवढी मी पुरवतो.

मामा, इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्याच्या शेवटी एक ठिपका आणि ठिपक्यानंतर एक शेपूट असते. त्याला आपण सोयीसाठी आडनाव म्हणू. ‘डॉट कॉम’सारखी जुनी आडनावे मोजकी आणि त्यांच्यासोबत शोभणारी नावे केव्हाच संपलेली. म्हणून नवी आडनावे निघाली. येथवर सारे सरळ आहे. (चष्मा पुसून घ्यावा, पुढचा भाग महत्त्वाचा.) याखेरीज एक तिसरी जात आहे. ही आडनावे जगाच्या सामाईक नोंदीत नसतात. काही हौशी मंडळींनी ती आपापसांत मानलेली असतात. त्यांचे म्हणणे असे की आज मातीमोलाने घेऊन ठेवा, उद्या सारे जग इकडेच येणार आहे. हा विचार मला इतका सुंदर वाटला, की मी ‘डॉट कुलूप’ हे अख्खे आडनावच विकत घेतले. पाठोपाठ ‘डॉट दात’ आणि ‘डॉट पाव’.

कुलूप का, हे सांगायला नको. कुलूप-किल्लीत दाजींचा हात धरणारा कोणी नाही. पहिला पत्ता अर्थातच मी त्यांच्या दुकानाला बहाल केला आणि फळ्यावर आकृत्या काढून त्याची सविस्तर उपपत्ती समजावली. ते शांतपणे किल्ली घासत होते. “अरे पंतोजी, मला किल्ली कळते. बाकी तू म्हणशील तसं,” एवढेच म्हणाले. (मला ते लग्नापासून ‘अरे पंतोजी’ म्हणतात आणि फारच चिडले तर ‘अरे गाढवा’. हे ध्यानात असू द्यावे.) या विश्वासाने मी असा काही फुशारलो, की दुकानाच्या पाटीवरचा आणि त्यांच्या गाडीवरचा फोन नंबर खरवडून तेथे नवा पत्ता ठसठशीत रंगवून घेतला. नंबर बदलतात, पत्ता चिरंतन असतो, हे वाक्य माझेच.

रोज संध्याकाळी मी दाजींना कळवीत असे, की आज सात जण आपले दुकान पाहून गेले, आज नऊ. “एवढे येतात, तर त्यांच्यातल्या एकाचंही कुलूप कसं अडकत नाही रे?” असे ते विचारीत. मी त्यांना धीर धरण्याचे महत्त्व सांगे.

दरम्यान नीतीचा प्रश्न उपस्थित झाला. ‘डॉट दात’खाली मी आमच्या गल्लीतल्या दंतवैद्याचे आणि ‘डॉट पाव’खाली बेकरीवाल्याचे नाव त्यांना न विचारता घेऊन ठेवले होते. पुढेमागे त्यांना गरज पडली की द्यायचे, अर्थात रास्त मोबदल्यात. ताईने हे ऐकले मात्र, आणि म्हणाली, “दुसऱ्याच्या नावाची पाटी आपल्या घरात लपवायची आणि त्यालाच विकायची, याला शाळेत काय म्हणून शिकवतोस?” मी तिला ‘बळकावणे’ आणि ‘राखून ठेवणे’ यांतला सूक्ष्म भेद समजावला. भेद इतका सूक्ष्म निघाला, की समजावता समजावता मलाच दिसेनासा झाला.

तरीही मी दंतवैद्याकडे गेलो. त्याच्या खुर्चीत आडवा पडून, आ वासलेल्या अवस्थेत, त्याचे नाव त्यालाच विकू लागलो. त्याने हातमोजे काढले, समोरच्या संगणकावर पत्ता टाकला आणि म्हणाला, “इथं काहीच उघडत नाही हो.” मी दाजींचा पत्ता टाकायला लावला. तोही उघडेना. तेव्हा मला आठवले, की ही आडनावे ओळखणारी एक विशेष प्रणाली प्रथम स्वतःच्या संगणकात बसवावी लागते. ती मी मोठ्या हौसेने बसवली होती. सबंध गल्लीत एकट्यानेच. पत्ता उघडतो की नाही हे मी दिवसातून कितीदा तरी पडताळत होतो. आणि रोज येऊन जाणारे ते सात काय, नऊ काय, सगळे मीच होतो.

 शिडी लावून दाजींनी स्वतः नंबर पुन्हा रंगवला, थोडा वाकडा. पण शेजारच्या मोठ्या सोसायटीचे वर्षाचे काम, जे इतकी वर्षे त्यांच्याकडे असे, ते समोरच्या कुलूपवाल्याकडे गेले होते. पाटीवर नंबर दिसेना, तेव्हा दुकान बंद झाले असे लोक समजले. “त्यांचं दुकान तू तुझ्या खोलीत कोंडून ठेवलंस,” हे ताईचे शेवटचे वाक्य. गुंतवणुकीवर मी पुष्कळ वाचले आहे, पण इतके अचूक परीक्षण कोठे आढळले नाही. नावाचे मोल ते किती जणांच्या तोंडी आहे यावर ठरते, मामा. आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव मी माझ्या हाताने खरवडले.

मामींस नमस्कार. गुडघ्यास जपावे.

आपला,
भाचा

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. संगणकाच्या खोलीच्या कुलपात माझी किल्ली तुटली आहे. समोरचा कुलूपवाला पाहून गेला. म्हणाला, हे तुमच्या दाजींनी बसवलंय, त्यांनाच बोलवा. मला धीर होत नाही. आपण सहज म्हणून त्यांच्या कानावर घालाल का? (खोली बंद झाल्यापासून त्यांचे दुकान पाहायला कोणीही गेलेले नाही.)

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी दाजी स्वतःच येऊन गेले. कोणी सांगितले कोण जाणे. क्षणात कुलूप उघडले. मी चहा ठेवला, तर म्हणाले, “नको साहेब, आपण त्रास घेऊ नका. कुलूप एकदा तपासून घ्या.” आणि गेले. साहेब! आपण! मामा, वरची विनंती रद्द समजावी. कुलपाचे काही नाही. ते आपला शब्द मोडत नाहीत. त्यांना एकदा येथे पाठवा आणि मला तोंडावर, दारात उभे राहून, ‘अरे गाढवा’ म्हणायला सांगा.