चावडीपाशी थांबलेली फेरी

चिंचवड, ८ फेब्रुवारी १९७८

प्रिय ज्ञानदेवदादा,

बहिणीनं सही केली नाही, तर भाऊ तिच्याशी बोलायचं सोडतो का? नववीतल्या एका मुलीनं मला हे भर रस्त्यात विचारलं. त्याचं उत्तर तुझ्याकडेच आहे.

तू पाठवलेला हक्कसोडीचा कागद मिळून तीन आठवडे झाले. आबांच्या माघारी निघोज्याच्या जमिनीवर तुझ्या एकट्याचं नाव लागलं तर विहिरीला कर्ज लवकर मिळेल, हे तुझं म्हणणं मला कळतं. आईचा अंगठा आधीच उमटलाय, तेही पाहिलं. मी सही करून पाठवणारच होते. पण मध्ये तो रविवार आला.

गावात पैसा कसकसा आला ते वर्गातल्या मुलांना चालत फिरून दाखवायचं मी ठरवलं होतं. 'भांडवल' त्यांना पाठ होतं, समजत नव्हतं. सकाळी स्टेशनाजवळून निघालो. आधी सराफाची पेढी, जिथे बायका पाटल्या गहाण ठेवून बियाणं आणायच्या. मग पोस्ट, जिथून कोकणातले, मराठवाड्यातले कामगार पगार झाला की घरी मनीऑर्डर करतात. मग कामगारांची पतपेढी, आणि बँकेची नवी शाखा. गिरजाआत्याही काठी टेकत आली होती. तिच्याच खोलीत राहते ना मी. आठवडाभर माझी तयारी ऐकून तिलाही यावंसं वाटलं.

शेवटी आपली जुनी चावडी. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, त्यांची भरपाई इथेच वाटली होती. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की या पायऱ्यांवर प्रत्येक वारसाला त्याचा वाटा मिळाला. मागून आत्या म्हणाली, "परत्येकाला न्हाई गं, प्रभा. मी बी वारस व्हते. माझा हितंच अंगठा घेतला आन् साडीचोळी दिली."

आमच्या वर्गातला वात्रट जयसिंग म्हणाला, "आजी, भारीतली तरी होती का?"

"कसली भारी! पयल्या धुण्यात रंग गेला, तो तुझ्या बाईंच्या फ्रॉकाला लागला."

सगळे हसले, आत्या सगळ्यांत जास्त. आणि तेवढ्यात त्या मुलीनं तो प्रश्न विचारला.

दादा, आत्याचा अंगठा घेणारा तो भाऊ म्हणजे आपले आबा. आत्याच्या अंगठ्याची गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. त्यात कुणाचं काही गेलं असं कधी वाटलंच नाही. आबा वाईट नव्हते. आत्याचा नवरा गेल्यावर दर दिवाळीला ते तिला घेऊन यायचे, ज्वारीचं पोतं स्वतः खोलीवर पोचवायचे. पण त्या भरपाईतूनच निघोज्याची जमीन घेतली, आणि त्याच जमिनीतल्या कांद्यावर माझी कॉलेजची फी भरली. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू आळीभर पेढे वाटलेस. त्या पदवीत आत्याचा वाटा आहे, हे तुला सुचलं नाही आणि मलाही नाही. मी तर वाणिज्य शिकले होते.

घरी येताना मी तिला विचारलं, अंगठा दिला नसता तर? ती म्हणाली, "मग दिवाळीला कुनाच्या दारात जायचं व्हतं मी?" तुझ्या कागदाचंही तिला सांगितलं. मी सही करावी असंच तिचं मत. "भाव हाय तो तुझा. जमीन काय उशाला घिऊन झोपनार हायेस?" सही करणार नाही म्हटल्यावर दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

हे सगळं लिहायचं कारण असं, की शनिवारी मी निघोज्याला येऊन गेले. वारस म्हणून माझं नाव लावावं असा अर्ज तलाठ्यांना दिला आणि पोच घेतली. परतताना आपल्या घरावरून गेले. आई अंगणात कांदे निवडत होती. थांबले नाही, कारण तिच्याशी बोलले असते तर माघारी जाऊन अर्ज काढून घेतला असता. विहिरीच्या कर्जावर तुझ्याबरोबर मीही सही करीन, माझ्या भागाचा हप्ता पगारातून देईन. माझ्या वाट्याला जे पिकेल ते आत्याचं. तिला अजून सांगितलेलं नाही. तुझा कागद याच पाकिटातून परत पाठवते आहे. सही केलेली नाही.

तुझीच, उत्तराची वाट पाहणारी,
प्रभावती