साहेबांसाठी हरलेला डाव

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. मागच्या रविवारी तर तो नव्यानं उफाळला. गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेकीशी बुद्धिबळ खेळत होते. ती आठ वर्षांची, मोबाईलवर बघून बघून शिकलेली. मी माझा घोडा मुद्दाम तिच्या प्याद्याच्या माऱ्यात ठेवला, तर तिनं हात मागे घेतला आणि म्हणाली, "आई, मुद्दाम हरू नको ना यार. मला राग येतो."

मला तुम्ही शिकवलं होतंत, आणि किती सुंदर शिकवलं होतंत! सरोजिनी नगरच्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दर रविवारी एकच मोहरा. पहिल्या रविवारी नुसती प्यादी. घोडा यायला महिना लागला. एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी आईच्या दोऱ्याचं रीळ. मी खेळी मागे घ्यायला गेले की तुम्ही माझा हात धरायचात. "हात लावलास ना? मग चालायचंच. आणि समोर कोण बसलंय ते बघायचं नाही, फक्त पट बघायचा." मला ते खरं वाटलं हो. अकराव्या वर्षापर्यंत मला ते अक्षरशः खरं वाटत होतं.

मग तुमचे साहेब चहाला आले. कोपऱ्यातला पट बघून म्हणाले, "अच्छा, बिटिया खेलती है? आओ, एक बाज़ी हो जाए." मी खेळले. अर्ध्या तासात त्यांचा राजा कोपऱ्यात कोंडला होता, दोन चालींत मात होती आणि ते त्यांना दिसतही नव्हतं. तुम्हाला दिसलं. तुम्ही मला पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात बोलावलंत आणि दबक्या आवाजात म्हणालात, "हरायचं. मोठ्या क्वार्टरची फाईल त्यांच्या टेबलावर आहे. कळतंय का?" मी म्हटलं, "पण बाबा, मी जिंकतेय." तुम्ही माझं मनगट इतकं आवळलंत की हातातल्या ग्लासातलं पाणी सांडलं. आई कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही.

मी परत येऊन वजीर उचलला आणि त्यांच्या उंटाच्या वाटेत ठेवला. साहेब खूश झाले. "होशियार है, बस सब्र नहीं है लड़की में." आणि तुम्ही हसलात, बाबा. हसून म्हणालात, "आपके सामने कहाँ टिकेगी, सर."

हरण्याचं मला काहीच नव्हतं, तुमच्याशी शेकडो वेळा हरले होते. पण ते वाक्य! तुम्हाला ते बोलायची काय गरज होती? मी हरले होते ना तुमच्यासाठी, तेवढ्यानं भागलं नाही? चार महिन्यांनी मोठं क्वार्टर मिळालं. मला स्वतःची खोली मिळाली, तिथेच अभ्यास करून मी नोकरीला लागले, हे मला माहीत आहे. आई ते मला आयुष्यभर ऐकवत राहिली. तुमची बदली, तुमची भीती, नागपूरहून इथे येऊन साहेबांसमोर उभं राहणं, तेही कळतं. कळलं म्हणून राग जात नाही. उलट, त्या खोलीत बसूनच तो वाढला. तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतंत, "पोरी, डाव तुझा होता." एवढंच.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. पण एक गोष्ट सांगते. निवृत्त झाल्यावर तुम्ही माझ्याकडे राहायला आलात, पट उघडलात आणि "एक डाव?" म्हणालात. मी भाजी चिरत म्हटलं, "विसरले बाबा आता." तुम्ही दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत बसलात. मी विसरले नव्हते. काळ्यांची तुमची पाचवी चाल चुकली, ते मला तिथूनच दिसलं होतं.