दुर्गी अकरावीला बसते

१५ जून १९७०

पकडले गेले! पोलिसांनी पकडलं असतं तर एवढी लाज वाटली नसती. शाळेतल्या विमलाबाईंनी पकडलं. एसटीत माझ्याच शेजारी येऊन बसल्या आणि माझ्या पाटीकडे बघायला लागल्या. वर बोंबील, खाली बाबांच्या भट्टीच्या दारूचे डबे.

"बोंबलांना असा वास नसतो, दुर्गा."

मी म्हटलं, "मग उतरा." उतरल्या नाहीत. भाईंदरपर्यंत तशाच बसल्या. जाताना पिशवीतून ही वही काढून दिली. "रोज लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील. आणि परवा शाळेत ये."

पहिलं पान शिव्यांचंच होतं. फाडलं.

१७ जून

गेले शाळेत. वर्षाने. अकरावीच्या पहिल्याच महिन्यात मंदाचा दात पाडला म्हणून मला काढलं होतं. दात आधीपासून हलत होता, पण ते कोण ऐकून घेतंय?

विमलाबाई हेडसरांशी अर्धा तास भांडल्या. शेवटी सर म्हणाले, मंदाची हरकत नसेल तर घेतो. मंदा नापास होऊन अजून त्याच वर्गात. तिला बोलावलं. म्हणाली, "येऊ दे. पण माझ्या बाकावर नको."

२ ऑगस्ट

बाबांना सांगून टाकलं — डबे नेणार नाही.

"मंग पाटी कोन उचलंल?"

"तुम्ही."

हात उगारला त्यांनी. मी हलले नाही. हात आपोआप खाली आला. आई असती तर मध्ये पडली असती.

अकरावी म्हणजे मॅट्रिक. पास झाले तर मास्तरीण. नापास झाले तर जन्मभर ही पाटी डोक्यावर. मधलं काहीच नाही.

२२ ऑक्टोबर

बाईंनी त्रैराशिक काढलं. सगळे ढिम्म. माझ्या तोंडून निघून गेलं — आम्ही भरतीची वेळ अशीच काढतो. तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता.

बाईंनी खडूच माझ्या हातात दिला. "मला येत नाही हे. शिकव."

रत्नागिरीची बाई, समुद्राकाठी वाढलेली, आणि म्हणे येत नाही! थापा. पण मी शिकवलं. कुणाला न मारता अख्खा वर्ग माझ्यामुळे गप्प बसला, असं पहिल्यांदाच झालं. फार बरं वाटलं. पुन्हा व्हावं असं वाटतंय.

१९ जानेवारी १९७१

वर्गात आज मंदासाठी शिवी अगदी दातांपर्यंत आली होती. गिळली. अभ्यासात आता भूगोल तेवढा बाकी.

२० मार्च

गणिताचा पेपर झाला. हात अजून दुखतोय, पण लिहितेच.

केंद्र वसईला. आमच्या चौक गावाच्या समोरच, मध्ये खाडीचं तोंड. बाबा काल अचानक म्हणाले, होडीनं सोडतो. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पाण्याचा हिशेब माझा. होळीपासून बोटं मोजली, अष्टमी आली. म्हणजे भरती सहाला. नऊला निघालो तरी पलीकडच्या धक्क्याला पाणी असणार. बाबा किनाऱ्यावर उभे राहून पाण्याकडे बघत म्हणाले, "आज सातम हाय, पोरी."

मी म्हटलं, "अकरावीला कोण बसलंय?" त्यांनी वल्ही उचलली.

यंदा पंचमी दोन दिवस होती. मी एकदाच मोजली! म्हणजे आज सप्तमीच, भरती पाऊण तास आधीच येऊन गेलेली. धक्का समोर दिसतोय, आणि होडी चिखलात रुतलेली. पाणी कधीच निघून गेलेलं. मला रडूच फुटलं. बाबा खाली उतरले. मांडीपर्यंत चिखल.

"बस खांद्यावं."

एवढी घोडी मी, पांढरी साडी नेसलेली, बापाच्या खांद्यावर! एकेक पाय उपसत, धापा टाकत त्यांनी मला काठावर नेऊन ठेवलं. माझे पाय कोरडे. वर्गात शिरले तेव्हा पेपर वाटून झाले होते.

सगळी गणितं सोडवली. बाहेर आले तर बाबा फाटकाशी, चिखल अंगावर वाळलेला. शिपायाने बेवडा समजून तीनदा हाकललं म्हणे. "आत माजी पोर हाय," एवढंच सांगत तिथेच उभे राहिले.

परत येताना म्हणाले, "हिसाब बराबर हुता. तिथी चुकली." मला असा बाप आहे, हे सतरा वर्षं मला माहीत नव्हतं.

८ जून

पास! सेकंड क्लास. गणितात एक्क्याऐंशी. चौक गावातली अकरावी पास झालेली पहिली मुलगी — मी. मला स्वतःचा अभिमान वाटतोय आणि तो मी लपवणार नाही.

बाबांनी माझा नंबर पेपरात कुठे आहे ते विचारून घेतलं, त्यावर बोट ठेवलं, आणि तसेच बंदरभर फिरले. घरी येईपर्यंत नंबर पुसून गेला होता.

बाईंनी मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणला. मंदाही पास. ती आली होती, शेजारी बसून पोहे खाऊन गेली.

२ जुलै

बाबांना पोलिसांनी धरलं. मी सोडल्यापासून पाटी तेच नेत होते.

चौकीत कागद तयार होता. हवालदार म्हणाले, "अंगठा." मी म्हटलं, आधी वाचते. कागदात तीस डबे, वर दुसऱ्याच कुणाच्या दोन भट्ट्या बाबांच्या नावावर. मोठ्याने वाचलं. हवालदारांनी नवा कागद घेतला. "बोल, किती?"

बाबा हळूच म्हणाले, "सांग ना, आपला येकपन न्हाय."

मी सांगितलं — सहा. सहा आमचे.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग हवालदारांना म्हणाले, "पोर सांगते तेच लिवा." आणि अंगठा पुढे केला.