सात मूर्च्छा आणि एक लाल दौत

करवीर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८३०

तीर्थस्वरूप मामांचे चरणी,

भाचा नृसिंह याने डोके टेकून केलेला नमस्कार पोहोचावा. (डोके टेकले आहे ते अजून वर काढलेले नाही. कारण पुढे येईल.) इकडील सर्व क्षेम असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. वास्तविक क्षेम एकटी आपली भाचेसून कालिंदी आहे, आणि तीही माझ्याकडे पाहून काळजीत आहे. आपला डावा गुडघा कसा आहे? इन्स्पेक्टरसाहेबांच्या तट्टावरून आपण पडलात त्याला आता वीस वर्षे होतील, तरी थंडी पडली की तो बोलू लागतो, हे मला ठाऊक आहे. बाळाबाई स्वयंपाकाला वेळेवर येते ना? तिला म्हणावे, लिंबाचे लोणचे पोहोचले, पण सध्या माझ्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नाही, मग लोणच्याचे काय घेऊन बसलीस.

मामा, मी मोठ्या संकटात आहे, आणि रागावू नये, पण त्याचे मूळ आपणच. वैशाखात मी आपणांस माझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे वाचून दाखवली. आपण डोळे मिटून ऐकलीत. (मला वाटले, रंगलात. बाळाबाई नंतर म्हणाली, झोपला होतात.) मग म्हणालात, नृसिंहा, लिहायचे असेल तर हल्लीच्या कादंबऱ्या बारकाईने वाच, दप्तरातले कागद वाचतोस तशा वाच. आणि जाता जाता सहज म्हणालात, 'कुमुद्वती अथवा उलट्या दैवाची सुलट कथा' म्हणून कोणा 'एका गृहस्था'ची कादंबरी निघाली आहे म्हणे, ती कशी वाटते तेवढे कळव. मी आपला आज्ञाधारक भाचा. कार्तिकात वाचनालयातून ती आणली आणि दप्तरातले कागद वाचतो तशीच वाचली. तिथेच घात झाला.

आपण मास्तर, आपणांस दप्तराची रीत ठाऊक नसेल म्हणून सांगतो. अर्ज आला की कारकुनाने तो लाल दौत पुढे घेऊन वाचायचा. जिथे खोट दिसेल तिथे कडेच्या कोऱ्या जागेत मोडीत शेरा मारायचा आणि शेवटी एकंदर अभिप्राय लिहून खाली तारीख व सही. मी तीन वर्षे उमेदवार म्हणून हेच करतो आहे. (कायमच्या जागेचा कागद चिटणीसांच्या मेजावर दसऱ्यापासून आहे. त्यांची सही झाली की मी माणसात आलो, नाही झाली तर चौथे वर्षही उमेदवारीतच.) तेव्हा समोर छापील कागद, कडेला कोरी जागा आणि हाताशी लाल दौत असली की कारकुनाचा हात थांबत नाही. तो कागद वाचनालयाचा आहे हे हाताला कोण सांगणार?

काय काय लिहिले ते आपणांस सांगतो, म्हणजे माझ्या भीतीचे वजन कळेल. पान नऊ: नायक रात्री कोल्हापुराहून निघून विजापूर गाठतो आणि त्याच घोड्यावर सकाळच्या पूजेला परत हजर. शेरा, 'घोड्याची चौकशी व्हावी. मधे दाणावैरण दाखवलेली नाही.' पान सतरा: तीन दिवसांपूर्वी अमावास्या होती आणि आज पूर्ण चंद्र. शेरा, 'पंचांगाशी मेळ नाही, खुलासा मागवावा.' पान साठ: दुष्ट दिवाण खांबाआड उभा राहून आपली सारी कारस्थाने मोठ्याने स्वतःलाच सांगतो. शेरा, 'कबुलीजबाब कोणासमोर? पंच कोठे?' नायिकेचे काय सांगू! पत्र आले की मूर्च्छा, पत्र नाही आले की मूर्च्छा, एकदा तर मांजर आडवे गेले म्हणून मूर्च्छा. शेरा, 'एकूण मूर्च्छा सात. पैकी तीन विनाकारण, त्या कमी कराव्यात.' आणि शेवटच्या पानावर, देव मला क्षमा करो, असे लिहिले की 'ग्रंथकर्त्यास घोडे, चंद्र व स्त्रिया यांपैकी कशाचाही अनुभव नसावा. घोड्यावर तो जन्मात बसलेला नाही. बसला असल्यास पडला असावा.' खाली तारीख घातली आणि सही केली. सवय, मामा, सवय!

एका पानावर मात्र शेरा नाही. एकशे बारावे पान. तिथे नायकाची थोरली बहीण मरते. गोष्टीला तिचा काही उपयोग नाही, तरी एक पूर्ण प्रकरण तिचेच आहे. तिला विसरायची खोड, म्हणून काम आठवणीत ठेवायला ती पदराला गाठ मारी आणि काम झाले की सोडी. ती गेली तेव्हा पदराला तीन गाठी होत्या. भाऊ शेजारी बसून त्या सोडतो. पहिली कशाची ते त्याला कळते, तुळशीच्या वाळल्या रोपाची. दुसरी कळते, तिच्या लहान लेकाला पाटी आणायची होती तिची. तिसरी कशाची ते त्याला कळत नाही, म्हणून ती तो सोडतच नाही. मी हे कालिंदीला वाचून दाखवत होतो. तव्यावरची भाकरी करपली तरी ती उठली नाही, आणि मीही पुढे वाचले नाही. असे पान लिहिणारा माणूस तसला घोडा का लिहितो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. असो.

पुस्तक परत केले आणि मी निर्धास्त झालो. पुढच्याच सोमवारी शेजारच्या मेजावरचे जुने कारकून बाळासो कानाशी येऊन म्हणाले, तो 'एक गृहस्थ' म्हणजे दुसरे कोणी नव्हे, आपले चिटणीस अंबादासपंत! माझ्या हातातला टाक खाली पडला. पुरावा विचारला, तर पुरावा भरभक्कम. अंबादासपंत सहा महिने ज्याला त्याला विचारताहेत, ही कादंबरी वाचलीत का म्हणून. कादंबरीतला दिवाण चिमटीत तपकीर धरून बोलतो, तसेच अंबादासपंतही धरतात. आणि (इथे बाळासोंनी आवाज आणखी उतरवला) परवाच त्यांनी वाचनालयातून ती प्रत घरी नेली. त्याच प्रतीवर माझे अक्षर आहे, आणि माझे अक्षर अंबादासपंत तीन वर्षे रोज पाहतात. सही नसती तरी त्यांनी ओळखले असते. मी तर सहीही करून दिली आहे, म्हणजे चोराने घर फोडून जाताना आपले नाव-गाव उंबऱ्यावर लिहून जावे तसे झाले.

त्या दिवसापासून माझे जे हाल आहेत ते वैऱ्याचेही होऊ नयेत. अंबादासपंत खाकरले की मी उभा राहतो. ते कचेरीत आले की मी मान खाली घालून कोऱ्या कागदावर शेरे मारतो, आणि न आले तर वाटते, घरी बसून माझेच शेरे वाचत असतील. शेवटी वाचनालयाची पुस्तके बांधणारा फक्रुद्दीन याच्या दुकानी गेलो. आडून आडून विचारले, की पुस्तकाची कड सुरीने थोडी कातरून मिळेल का? त्याने खळीचा हात फडक्याला पुसला आणि माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाला, "कड कापतो की. पर किती कापायची?" मी बोटाने दाखवली. तो म्हणाला, "येवढी कापली तर वळीवळीतलं एकएक अक्षर जातंय. मग वाचायचं काय, पुट्ठा?" मी म्हटले, चालेल. "आन् पुस्तक कुठं हाय?" पुस्तक अंबादासपंतांकडे आहे म्हटल्यावर त्याने सुरी खाली ठेवली. तरी माणूस भला. शिलाई उसवली आहे ती बांधायची आहे, असे सांगून पुस्तक आणायला तो स्वतः त्यांच्या घरी गेला.

मी देवळाच्या ओवरीत बसून अंबाबाईला नवस बोललो. (कादंबरी सोडीन, असा. लिहून झालेली तीन प्रकरणे वगळून.) फक्रुद्दीन आला तो हात हलवत. म्हणाला, "साहेब म्हंत्यात, वाचून झाल्याबिगर न्हाय द्याचा. लई हसत हुतं बगा." मामा, हे फार वाईट. अंबादासपंत रागावले असते तर समजलो असतो, ते रोजच रागावतात. पण त्यांना हसताना तीन वर्षांत कोणी पाहिलेले नाही. जो माणूस कधी हसत नाही तो लई हसतो, याचा अर्थ त्याने आत काहीतरी पक्के ठरवले आहे. मी फक्रुद्दीनला तसे बोलून दाखवले, तर तो म्हणाला, "आवो, माणूस हाय ते. हसंल की!" पण त्याला दप्तर ठाऊक नाही.

आणखी एक नुकसान सांगायचे राहिले. बारकाईने वाचून माझे लेखन सुधारायचे होते ना? ते बंद पडले. काल धीर करून चौथ्या प्रकरणाला हात घातला. 'सूर्य उगवला' एवढे लिहिले आणि लगेच कडेला लिहून गेलो, 'कोणी पाहिला?' 'नायक उठला' लिहिले, तर विचारले, 'का?' दोन तासांत दोन वाक्ये आणि अकरा शेरे झाले. कालिंदी म्हणते, तुमचे शेरेच छापा, ते बरे वाटतात. तिला थट्टा सुचते!

आज दुपारी अंबादासपंतांनी मला त्यांच्या खोलीत बोलावले आहे. पट्टेवाला गुंडू सकाळीच निरोप सांगून गेला. काय होईल ते होवो. बाळाबाईस सांगणे, ब्राह्मणाच्या पोराला जेवू घातलेस ते विसरणार नाही.

आपला भेदरलेला भाचा,
नृसिंह

ता. क. — एक काम आहे, खरे तर त्यासाठीच पत्र लिहायला बसलो. दसऱ्याला आलो होतो तेव्हा बाळाबाईने मला लोणच्याची बरणी काढायला माळ्यावर चढवले. तिथे गोणपाटाखाली याच 'कुमुद्वती'च्या पन्नास तरी कोऱ्या प्रती पाहिल्या, पण तेव्हा मागायचा संकोच वाटला. त्यातली एक गुंडूबरोबर पाठवावी. तो उद्या सरकारी कामासाठी आगगाडीने हातकणंगल्यास येतो आहे. कोरी प्रत वाचनालयात ठेवून माझी लाल प्रत मी पंचगंगेत सोडीन. (कालिंदी विचारते, एकाच पुस्तकाच्या पन्नास प्रती घरात कोण ठेवतं हो? मी म्हटले, मामांना विद्येची आवड आहे, कोणा गरीब लेखकावर दया म्हणून घेतल्या असतील. ती 'बरं' म्हणाली, पण तिचे ते 'बरं' मला आवडले नाही.)

ता. क. दुसरा, दिवस मावळता. — मामा. अंबादासपंतांना भेटून आलो. पुस्तक मेजावर उघडे होते. त्यांनी विचारले, "हे शेरे तुमचे?" मी होय म्हणालो, कारण खाली सही होती. ते म्हणाले, "मी याला पंधरा वर्षं सांगतोय, घोड्याला वैरण घाल, तर ऐकेल तर शपथ!" मी विचारले, कोणाला? तर म्हणाले, हा ग्रंथकर्ता माझ्या वर्गातला, हातकणंगल्याच्या शाळेत मास्तर आहे. माझ्या तपकिरीवरून त्याने दिवाण केला आणि लपून बसला. मला प्रथम वाटले, हातकणंगल्यास दुसरी शाळा असेल. (नाही.) मग वाटले, दुसरे मास्तर असतील. (आहेत, पण त्यांनी आजवर रजेच्या अर्जापलीकडे काही लिहिलेले नाही.) मग आपला गुडघा आठवला. त्यानंतरचे मला आठवत नाही. गुंडूने तोंडावर पाणी मारले. ती धरून एकूण मूर्च्छा आठ झाल्या, आणि ही विनाकारण नव्हती.

शुद्धीवर आल्यावर पाहतो तो अंबादासपंतांनी माझ्या सहीखाली लिहिले होते, 'ग्रंथकर्त्याकडे अभिप्रायार्थ रवाना.' म्हणाले, त्याने माफ केल्याचा शेरा आला की मी तुमच्या कागदावर सही करतो, त्याआधी नाही. म्हणजे माझी जागा आता आपल्या हाती आहे. ती लाल प्रत गुंडूच्या पिशवीत आहे. हे पत्र फाडणार होतो. पण पुस्तक तर येतेच आहे, आणि पुस्तकात नुसते शेरे आहेत, पत्रात निदान नमस्कार तरी आहे, म्हणून दोन्ही बरोबरच पाठवतो. कृपया आधी पत्र वाचावे. घोड्याविषयी लिहिले ते मागे घेतो. चंद्र कोणत्याही तिथीला उगवला तरी माझी हरकत नाही.

ता. क. तिसरा. — वरचे लिहून लखोटा बंद केला होता, तो कालिंदीने पुन्हा उघडला. म्हणाली, "तुमची आई विसराळू होती का हो?" मामा, मला ठाऊक नाही. ती गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिच्याविषयी विचारले की आपण नेहमी उठून बाहेर जाता, म्हणून विचारायचे मी सोडून दिले. पण माझ्या पहिल्या पाटीची आठवण मला आहे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आपण ती आणलीत, आणि घरात सगळे म्हणाले होते, आत्ताच काय घाई आहे?

एकशे बाराव्या पानावर शेरा नाही, तो राहून गेला असे समजू नये. तिथे कड भिजून सुरकुतलेली दिसेल, ती शाईने नाही. जागेचे आपणांस वाटेल ते करावे. फक्त ती तिसरी गाठ अजून आपल्याकडे असेल तर एकदा मला पाहू द्यावी. आणि दुसरा भाग लिहाल तेव्हा तिच्याविषयी आणखी लिहावे. मला तिचा चेहरा आठवत नाही. आपणांस आठवत असेल तेवढा सगळा घालावा, आणि त्यात मूर्च्छा हव्या तितक्या असू द्याव्यात.