मेढीचा खांब

सातारा,
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय जरिना,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आठवतं, पाचगणीच्या बोर्डिंगात आपण धुतलेल्या रिबिनी जिन्याच्या खांबाला वाळत घालायचो? प्रार्थनेची घंटा झाली की तू ओलीच रिबीन माझ्या वेणीला बांधून मोकळी व्हायचीस. हल्ली तो खांब सारखा आठवतो, कारण आमच्या घरातल्या खांबाने माझी झोप घालवली आहे.

शिवांजलीच्या लग्नासाठी दिवाणखान्यात लाकडी फरशी घातली. त्यासाठी जिन्याच्या कठड्याचा खालचा खांब काढला होता. कामगारांनी तो नव्या फरशीवर नुसता टेकवून स्क्रू मारले आणि पक्का करायला परत येतो म्हणाले. तेवढ्यात माझे धाकटे दीर, धनाजी भाऊजी, मुहूर्तमेढ घेऊन आले. अंगणात सगळीकडे फरसबंदी, रोवायला माती नाही. मुहूर्त टळेल म्हणून मीच म्हटलं, या खांबाला बांधा. आंब्याची डहाळी, हळदीचा फडका, सगळं यथासांग झालं. आता भाऊजी खांबाला कुणाला हात लावू देत नाहीत. मेढ एकदा उभी केली की देवक उठेपर्यंत हलवत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. लय मजबूत हाय, वैनी, हत्ती बांधा, असं सांगून ते दहिवडीला निघून गेले.

हत्ती नाही गं, तिथून हे उतरणार आहेत. अर्धांगानंतर यांचा डावा पाय ओढतो. उजव्या हाताने कठडा धरून सगळा भार त्या खांबावर टाकतात. लेकीच्या कन्यादानाला आपल्या पायांनी खाली यायचं, एवढ्या एका ध्यासाने वर्षभर व्यायाम केला. आणि मेढ बांधल्यापासून ते खालीच येत नाहीत. जेवणही वरच मागतात. उमेद सुटली की काय, कुणास ठाऊक. खांब हलतो हे सांगायचा धीर होत नाही. फोन केला असता, पण या घरात खालचं सगळं वर ऐकू जातं.

तुझ्या चांदसाहेबांना नमस्कार. डोळ्याला जप. तुझा लोभ नेहमीचाच, पण या वेळी जरा जास्त लागणार आहे.

तुझी,
संयोगिता


सांगली,
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय संयू,
सलाम, वि. वि.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे लिहायला बंदी आहे. मी सांगते आहे, सूनबाई अर्शिया लिहिते आहे. तेव्हा अक्षर सुंदर दिसलं तर मला शाबासकी देऊ नकोस.

लाकडाच्या वखारीवाल्याशी संसार केला, म्हणून एवढं कळतं. तुझी फरशी म्हणजे वरची साल आहे. स्क्रू तिच्यातच रुतलेत, खालच्या काँक्रीटपर्यंत पोचलेच नाहीत. माणसाने भार टाकला की खांब साल घेऊन उखडेल. लोखंडी पट्ट्या मारून भागवू नकोस. खांब उचलायचा, त्याच्याखालची फरशी चौकोनी कापायची, आणि खांब थेट काँक्रीटवर बसवून बोल्टने आवळायचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून भोवती थोडी फट ठेवून वर पट्टी लावायची.

म्हणजे मेढ सोडावीच लागेल. तुमच्या देवकात मी काय बोलणार? पण मुलीचा बापच खाली पडला तर ते शुभ कुणाच्या कामाचं? मानसिंगरावांना सांगून टाक. फौजेतला माणूस आहे. पुलाची खात्री नसेल तर तो पलटण पुढे नेत नाही.

आमचा लेक तारिक शनिवारी ड्रिल घेऊन येतो आहे आणि लग्नापर्यंत राहील. बोल्टच्या पुडीला माझी तांबडी रिबीन बांधली आहे. परत पाठव. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
जरिना


सातारा,
१ डिसेंबर २०२४

प्रिय जरिना,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊनच वर गेले आणि यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वरून कठड्याला हात लावला की कळतं. तुझा चेहरा बघून बोललो नाही.” उमेद सुटली नव्हती गं. माझी चूक चारचौघांत उघडी पडू नये म्हणून हे वर बसून जेवत होते.

मग यांनीच भाऊजींना फोन लावला. मेढ मांडवाची असते, जिन्याची नव्हं. येऊन सोड, असं बजावलं. भाऊजी कुरकुरत आले, देवापुढे दिवा लावून माफी मागितली आणि मातीने भरलेल्या पिंपात दारापाशी मेढ रोवली. जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं. खरं सांगते, मीही मनातून चरकले होते.

तारिकने खांब उचलला तेव्हा एक स्क्रू नुसत्या बोटांनी निघून आला. त्याने तू सांगितलंस तसं सगळं केलं. नंतर मी खांबाला लोंबकळून पाहिलं. तसूभर हलला नाही.

तरी लग्नाच्या सकाळी मी जिन्याखाली पदर आवळून उभी होते. हे एकेक पायरी उतरले. खाली आल्यावर घोड्याची मान थोपटावी तसा खांब थोपटला आणि माझ्याकडे न बघता मांडवाकडे चालू लागले.

तू नव्हतीस, हीच एक रुखरुख. आता तारिकबरोबर पाठवलेलं ज्याचं त्याला दे. लाडवांचा डबा चांदसाहेबांचा, पण त्यांची साखर बघून एखादाच. बाकीचे वखारीतल्या माणसांना. हिरवी साडी अर्शियाची, सुंदर अक्षराबद्दल. तारिकच्या डोक्यावरचा फेटा यांनी स्वतः बांधलाय, तू पाहीपर्यंत त्याने तो उतरवायचा नाही. फरशीचा कापलेला चौकोन तुझ्या चहाच्या किटलीखाली ठेव. लोभ आहे तिथेच राहू दे, तो हलवायचा नाही.

आणि रिबीन तुझी. हळदीत पडली होती, म्हणून धुऊन खांबाला वाळत घातली. पण तारिकची निघायची घाई चाललीय, तेव्हा ओलीच पाठवते आहे.

तुझी,
संयू